20 मार्च 1826 : देवळाच्या ओसरीतला एक दिवस



स्मृतिव्याख्यानाला एखाद्या माणसाचं अख्खं आयुष्य समोर ठेवायची रीत आहे. आज ती रीत मोडून एकाच दिवसाची गोष्ट सांगायची आहे. दिवस 20 मार्च 1826. ठिकाण दोडी-दापूर. नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यात दोडी आणि दापूर ही जवळजवळची गावं आजही आहेत. त्या दिवशी भर दुपारी, गावच्या देवळाच्या ओसरीत, गॉर्डन हॉल नावाचा अमेरिकन मिशनरी पटकीनं मेला. वय 41. घरापासून हजारो मैल दूर, आणि सोबतीला मिशनमधले दोन तरुण मुलगे.

एवढीच घटना. मग तिच्यासाठी तासभर बसायचं कशाला?

बसायचं ते तीन प्रश्नांसाठी. हा माणूस इथवर आला कसा? त्या दिवशी नेमकं झालं काय? आणि या सगळ्याशी खान्देशाचा संबंध काय? तिसरा प्रश्न तर आताच काहींच्या चेहऱ्यावर दिसू लागला आहे. दापूर कुठं आणि खान्देशातलं धरणगाव कुठं! जरा धीर धरावा, वाट धरणगावलाच येते.

तर पहिला प्रश्न. हॉल इथवर आला कसा?

गॉर्डन हॉलचा जन्म 1784 चा, अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यातला. विल्यम्स कॉलेजात तो शिकला, तिथून 1808 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला आणि पुढं अँडोव्हरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत गेला. याच विल्यम्स कॉलेजातली काही मुलं 1806 च्या उन्हाळ्यात वादळात सापडून एका गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली होती. परदेशात जाऊन ख्रिस्ताचा संदेश सांगायचा, असं त्यांनी तिथं ठरवलं. अमेरिकेतल्या मिशनचा इतिहास सांगणारे आजही त्या गंजीपासून सुरुवात करतात. त्या विचारातूनच 1810 मध्ये परदेशी मिशनसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झालं. परदेशात माणसं पाठवणारी ती त्या देशातली पहिली मोठी संस्था.

6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम या बंदराच्या गावी पाच तरुणांना दीक्षा दिली गेली. त्यांची नावं ऐकून ठेवा, पुढं लागतील. अडोनायरम जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. त्याच महिन्यात दोन वेगवेगळ्या जहाजांतून ते कलकत्त्याला निघाले. हॉल आणि न्यूएल यांनी निघण्याआधी फिलाडेल्फियात थोडं वैद्यकाचं शिक्षणही घेतलं होतं. ते शिक्षण ध्यानात असू द्या.

कलकत्त्याला पोचल्यावर कंपनी सरकारनं काय केलं? हार घातले? छे. ताबडतोब चालते व्हा, असा हुकूम सोडला.

इथं थोडं थांबायला हवं. इंग्रज सरकार आणि मिशनरी म्हणजे एकाच माळेचे मणी, असं आपण सर्रास धरून चालतो. 1812 मध्ये चित्र वेगळं होतं. कंपनीला व्यापार हवा होता आणि महसूल हवा होता. धर्माच्या भानगडीत लोक बिथरले तर दोन्ही बुडतील, ही तिची धास्ती. शिवाय त्याच वर्षी अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं, म्हणजे हे पाहुणे शत्रुराष्ट्राचेही ठरले. पाचांची पांगापांग झाली. जडसन ब्रह्मदेशात गेला. राइस अमेरिकेत परतला. न्यूएलची बायको हॅरिएट मॉरिशसला वारली. ती अवघी 19 वर्षांची होती.

हॉल आणि नॉट मात्र हुकमाला चुकवून कलकत्त्याहून निसटले आणि फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशन आपला आरंभ तिथून मोजतं. मुंबईतही हद्दपारीचा हुकूम मागं लागलाच. मध्यंतरी दोघं कोचीनपर्यंत पळाले आणि तिथून परत आणले गेले. विलायतेला जाणाऱ्या जहाजात बसवण्याचीही तयारी झाली होती. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनानं त्यांच्या बाजूचे, पण वरून आलेल्या हुकमानं बांधलेले. हॉलनं त्यांना पत्रं लिहिली आणि आपली बाजू ठामपणे मांडली. अखेरच्या घटकेला हद्दपारी टळली. 1813 मध्ये कंपनीची सनद नवी झाली, तिनं मिशनऱ्यांना दार थोडं उघडून दिलं होतं.

पुढची 13 वर्षं हॉल मुंबईत राहिला. नॉट आजारी पडून 1815 मध्ये निघून गेला. सिलोनहून न्यूएल येऊन मिळाला, तोही 1821 मध्ये पटकीनं गेला. हॉल मराठी शिकला आणि बाजारात, देवळापुढं, रस्त्याच्या कडेला उभा राहून मराठीत बोलू लागला. मिशननं छापखाना काढला, मराठी शाळा काढल्या आणि 1824 मध्ये मुंबईत मुलींचीही शाळा सुरू केली. नव्या कराराचं मराठी भाषांतर चालू होतं, त्यात हॉलचा मोठा वाटा.

आणि धर्मांतरं? तेरा वर्षांत जवळजवळ शून्य. हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. ज्या कामासाठी तो आला होता, त्या कामाच्या हिशेबाच्या वहीत त्याच्या खात्यावर फारसं काही जमा नव्हतं. मूर्तिपूजेबद्दल त्याची मतं कडक होती. इथल्या लोकांच्या श्रद्धा त्याला अंधारासारख्या वाटत, आणि तो ते तोंडावर बोलून दाखवी. ऐकणारे कधी वाद घालत, कधी हसत आणि घरी जात. ही बाजू झाकून त्याला संत करायचं कारण नाही. तसंच ही बाजू दाखवून त्याला मोडीत काढायचंही कारण नाही, कारण पुढचा दिवस अजून यायचा आहे.

1825 मध्ये त्याची पत्नी मार्गारेट मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. मुलांची प्रकृती इथं टिकत नव्हती. एक मुलगा वाटेत समुद्रावरच दगावला. हॉल मागं राहिला, कारण मिशनमध्ये माणसं फारच थोडी उरली होती.

आता दुसरा प्रश्न. त्या दिवशी झालं काय?

मार्च 1826 च्या सुरुवातीला हॉल दोन ख्रिस्ती मुलग्यांना सोबत घेऊन मुंबईहून नाशिककडे निघाला. आज कसारा घाट चढून गाडी काही तासांत नाशिकला येते. तेव्हा या देशात आगगाडी धावायलाही सत्तावीस वर्षं बाकी होती. सह्याद्री ओलांडून वर यायचं, गावोगाव थांबायचं, पुस्तिका वाटायच्या, बोलायचं, असा त्याचा बेत होता. नाशिकला पोचला तर गावात पटकीनं थैमान घातलेलं.

पटकी म्हणजे काय, हे आजच्या श्रोत्याला सांगावं लागतं, ही फार चांगली गोष्ट आहे! 1817 मध्ये बंगालमध्ये जेसोरकडे उसळलेली साथ पुढच्या वर्षी मुंबईला पोचली आणि मग काही वर्षं दर उन्हाळ्यात ती या ना त्या बाजूनं परतत राहिली. सकाळी नांगर धरणारा माणूस संध्याकाळी तिरडीवर. गावं मरीआईला साकडं घालत, तिचा गाडा शिवेपार नेऊन सोडत. याला आज कोणी हसू नये. कारण त्या काळी लंडनच्या डॉक्टरलाही याहून जास्त काही ठाऊक नव्हतं. दूषित पाण्याचं कोडं जॉन स्नोनं सोडवलं ते 1854 च्या साथीत. रॉबर्ट कॉखनं जंतू ओळखला तो 1883-84 मध्ये. आणि मीठ-साखरेच्या पाण्यानं माणूस वाचतो, हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत हजारो रोग्यांवर करून दाखवलं, ते तर थेट 1971 मध्ये. 1826 मधल्या गोऱ्या वैद्याच्या पेटीत पाऱ्याचं औषध आणि अफूचा अर्क असायचा. त्यानं कोणी वाचलंच तर नशिबानं.

तरी हॉलनं पेटी उघडली. फिलाडेल्फियातलं ते थोडंसं शिक्षण इथं बाहेर आलं. नाशिकमध्ये तो दिवसच्या दिवस रोग्यांना औषध देत फिरला. जवळच्या पुस्तिका वाटून संपल्या, औषधंही जवळजवळ संपली. मग तो परतीला लागला.

19 मार्चच्या रात्री दहाच्या सुमारास तिघं दोडी-दापूरला पोचले. मुक्काम कुठं करायचा? वाटसरूला चावडी, धर्मशाळा नाहीतर देऊळ. तिघं देवळाच्या ओसरीत टेकले. त्या ओसरीत आधीच पटकीचे रोगी पडलेले होते. तिथंच, त्यांच्या शेजारी, हॉलनं घोंगडी पसरली.

पहाटे चारच्या सुमारास तो निघायला म्हणून उठला आणि पटकीनं त्याला गाठलं. उरलंसुरलं औषध घेतलं, ते पोटात राहिलं नाही. आपण यातून उठणार नाही, हे त्यानं मुलांना सांगितलं. भोवती गावकरी जमले होते, त्यांच्याशी तो जमेल तितकं बोलला. प्रार्थना केली. तीन वेळा देवाचा जयजयकार केला आणि दुपारच्या सुमारास प्राण सोडला. पहाटे चार ते दुपार. आठ तासांचा खेळ.

मुलांनी त्याला पुरायला जागा मिळवण्यासाठी खटपट केली. शवपेटी कुठून आणणार? घोंगडीत गुंडाळून त्यांनी त्याला पुरलं.

आता या दिवसाकडं नीट पाहा. मूर्तिपूजेविरुद्ध तेरा वर्षं बोलणारा माणूस अखेरच्या रात्री कुणाच्या आश्रयाला होता? देवळाच्या. त्याला ओसरीत पडू देणारं गाव कोणतं? ज्या गावाला त्याचा धर्म नको होता, तेच. साथीच्या दिवसांत परका रोगी गावात ठेवायचा म्हणजे विषाची परीक्षा. तरी त्याला कोणी शिवेबाहेर काढलं नाही. गावाचं हे आतिथ्य मिशनच्या वृत्तांतात ओझरतं येतं, आणि आपल्या इतिहासात तर येतच नाही.

आणि दुसरी गोष्ट. हा दिवस जगाला कळला कसा?

हॉल स्वतः तर तो लिहू शकला नाही. बोर्डाचे बोस्टनमधले पदाधिकारी तिथं नव्हते, मुंबईतले सहकारीही नव्हते. कोण होतं? ते दोन मुलगे. त्यांनी शेवटचे शब्द ऐकले, मूठमाती दिली आणि मग मुंबई गाठून जे पाहिलं ते सांगितलं. होरेशिओ बार्डवेल यांनी लिहिलेलं हॉलचं चरित्र अमेरिकेत 1834 मध्ये छापलं गेलं. दापूरची गोष्ट तिकडच्या गावोगावच्या चर्चमध्ये सांगितली गेली. या सगळ्या सांगण्याचं मूळ त्या दोन मुलांच्या तोंडी साक्षीत आहे. त्यांनी ती दिली नसती तर उरलं असतं काय? नाशिककडं गेलेला एक पाद्री परत आला नाही, एवढंच.

पण या गोष्टीत त्या मुलांचा उल्लेख बहुतेक वेळा कसा येतो? दोन ख्रिस्ती मुलगे. पुढं काही नाही. ज्याला पुरलं त्याचा जन्म, शिक्षण, बायको, मुलं, पत्रं सगळं माहीत. ज्यांनी पुरलं त्यांची ओळख एका आकड्यात आटोपली.

आजच्या व्याख्यानाचा खरा मुद्दा हाच आहे. परदेशी मिशनचा इतिहास आपण एक तर गौरवानं सांगतो नाहीतर रागानं सांगतो. पण दोन्ही वेळा बोलतो ते आलेल्या माणसांबद्दल. त्यांच्या सोबत चाललेल्या, त्यांना भाषा शिकवलेल्या, त्यांचं औषध वाटलेल्या आणि त्यांना पुरलेल्या आपल्या माणसांबद्दल कोणी बोलत नाही. गौरव करणाराही नाही आणि रागावणाराही नाही.

आता तिसरा प्रश्न, खान्देशाचा.

हॉल नाशिकला पोचला तेव्हा खान्देशात काय चाललं होतं? 1818 मध्ये पेशवाई बुडून प्रांत इंग्रजांकडं आला होता. आजच्या नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, बागलाण हे भाग तेव्हा खान्देशातच मोडत. नाशिक जिल्हा वेगळा झाला तो 1869 मध्ये. आणि 1825 मध्ये, म्हणजे दापूरच्या आदल्याच वर्षी, जेम्स औट्रमनं खान्देशात भिल्ल पलटण उभी केली. तिचं ठाणं कुठं? धरणगावला. एका बाजूनं फौज येत होती, दुसऱ्या बाजूनं पुस्तिका आणि औषधाची पेटी.

त्याच धरणगावात 1890 मध्ये त्र्यंबक बापूजी ठोंबरे जन्मले. 1907 मध्ये याच जळगावात कविसंमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. किशोरवयाच्या ठोंबऱ्यांनी तिथं कविता म्हटली आणि 'बालकवी' हे नाव घेऊन ते संमेलनातून बाहेर पडले. पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी नेलं. टिळक आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्याला घरचाच केला. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला, तो कुठल्या मिशनमध्ये? अमेरिकन मराठी मिशनमध्ये. हॉल आणि नॉट यांनी 1813 मध्ये सुरू केलेलं तेच मिशन. 1831 मध्ये ते अहमदनगरला गेलं, 1842 मध्ये तिथं त्यानं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढलं. सिंथिया फरार याच मिशनची. 1827 मध्ये ती मुंबईत आली, पुढं नगरला गेली. जोतीराव फुल्यांनी तिच्या शाळा पाहिल्या, सावित्रीबाईंनी तिच्याकडं प्रशिक्षण घेतलं. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी लहानपणी टाइप घासायला लागले, तेही याच मिशनच्या छापखान्यात.

म्हणजे पाहा. दापूरच्या त्या दिवशी ज्या कामाच्या खात्यावर जवळजवळ काही जमा नव्हतं, त्याच्या फांद्या नगर, पुणे, मुंबई करत जळगावच्या संमेलनापर्यंत येऊन पोचल्या. त्या फांद्या हॉलच्या कल्पनेतल्या नव्हेत. त्याला चर्च वाढवायचं होतं, मराठी कविता नव्हे! पण इथल्या माणसांनी आलेल्या गोष्टींतून आपल्याला हवं ते उचललं. फुल्यांनी मुलींची शाळा घेतली आणि मिशनऱ्यांच्या धर्मात गेले नाहीत. टिळक धर्मात गेले आणि अभंगाची वाट सोडली नाही. जावजींनी टाइप घेतला आणि त्यातून संस्कृत ग्रंथ छापले.

खुद्द खान्देशात मिशन रुजलं ते नंतर आणि दुसऱ्या वाटेनं. रेल्वेनं भुसावळ मोठं केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची माणसं वऱ्हाड-खान्देशात आली. छप्पन्या दुष्काळ म्हणून आठवला जाणारा 1899-1900 चा दुष्काळ आला, पोरकी मुलं मिशनच्या आसऱ्याला गेली. फ्रेड्रिक फ्रॅन्सन या स्वीडिश प्रचारकानं 1890 मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खान्देशात, भिल्ल, मावची, पावरा वस्त्यांत पोचली. बर्फाच्या मुलखातून आलेली माणसं नंदुरबार-नवापूरच्या मे महिन्यात! नंदुरबारचं एस. ए. मिशन हायस्कूल आजही आहे. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय 1942 मध्ये सुरू झालं, आजही चालू आहे, आणि ते आता भारतीय डॉक्टर चालवतात. हा सगळा मुलूख 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता.

थोडक्यात गोळाबेरीज करू. हॉल हुकूम चुकवून आला आणि तेरा वर्षं राहिला. साथीत त्यानं पेटी उघडली. गावानं त्याला ओसरी दिली, दोन मुलांनी मूठमाती दिली आणि साक्षही दिली. त्या साक्षीमुळं दोनशे वर्षांनी आपण त्याच्याबद्दल बोलतो आहोत, साक्षीदारांबद्दल मात्र बोलू शकत नाही.

खान्देशात तेच पुन्हा होऊ द्यायचं का? परदेशी मिशनऱ्यांची पत्रं आणि छायाचित्रं परदेशातल्या कपाटांत जपलेली असतात. पण त्यांना अहिराणी, भिलोरी, मावची शिकवणारे कोण होते? दवाखान्यातला पहिला कंपाउंडर कोण? गावोगाव पायी फिरणाऱ्या बायबल-बाया कोण? छप्पन्याच्या दुष्काळात आलेल्या पोरांची पुढं घरं कुठं झाली? ही माहिती चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांत आहे, दफनभूमीच्या झिजत चाललेल्या दगडांवर आहे आणि नव्वदीला टेकलेल्या माणसांच्या आठवणींत आहे. यातलं शेवटचं सर्वांत आधी जाणार.

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. या दोन्ही ठिकाणच्या अभ्यासकांना, इथल्या चर्चच्या वडीलधाऱ्या मंडळींना आणि सभागृहात बसलेल्या शिक्षकांना एकच विनंती. येत्या वर्षात भुसावळ, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार, नवापूर यांपैकी निदान एका गावच्या नोंदवहीची नक्कल करा, एका दफनभूमीतले दगड वाचून काढा, दहा वृद्धांशी बोलून ते ध्वनिमुद्रित करा. आणि जे हाती येईल, त्यात प्रत्येक माणसाचं पूर्ण नाव लिहा.